शिंपल्याची जाई

श्रीनिधीने पहिली तार छेडली आणि आवडी गावच्या स्टेशनामागच्या त्या लहानशा खोलीत सूर बराच वेळ राहिला. गिटारची छाती स्प्रूसची, पाठ मलबारी शिसवीची, दांडीवर आबनुसाची काळी पट्टी. त्या पट्टीवर पडद्यापडद्यामधून शिंपल्याची जाईची वेल वर चढत गेली होती. बारा घरं, बारा फुलं.

“फार सुरेख झालीय, मामी.”

“तेरावं घर असतं तर आमचं जेवण बंद झालं असतं,” खुर्चीतून बाळकृष्ण म्हणाले. “चार महिने हिची नुसती फुलंच चालली होती.”

विद्युलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर श्रीनिधीच्या डाव्या हातावर होती. श्रीनिधीने सूर चढवायला तार बाजूला ओढली. सूर थोडा चढला आणि अडला. तिने पुन्हा ओढली. मग दुसरंच काही वाजवायला घेतलं.

“काय होतंय गं?”

“काही नाही, मामी.”

“शनिवारी सभेत, कार्यक्रमाला कुठली वाजवणार?”

श्रीनिधीची बोटं थांबली. ती क्लासवरून थेट आली होती. तिची जुनी गिटार कापडी खोळीत दाराशी टेकून उभी होती.

“जुनी,” ती म्हणाली. “परवायिल्लै मामी, काही हरकत नाही. ही मी घरी वाजवीन. रोज वाजवीन.”

“काढ ती बाहेर.”

जुनी गिटार प्लायवुडची होती, एका कोपऱ्याला टवका उडालेला. पट्टीवरचं लाकूड प्रत्येक पडद्यामागे खरवडून खोलगट केलेलं होतं. कुठे जास्त, कुठे कमी.

“हे कुणी केलं?”

“मीच. अप्पांच्या कानशीनं.” तिने मान खाली घातली. “बोट लाकडाला टेकलं की तार अडते, मामी. खाली मोकळं असलं की हवी तेवढी ओढता येते. वीणेवर कसं, बोटाखाली लाकूड लागतच नाही.”

“वाजव.”

तिने वाजवलं. आवाज पत्र्यासारखा होता. पण सूर एका जागेवरून उठला, डुलत तीन पायऱ्या चढला, वर क्षणभर थरथरला आणि सावकाश खाली उतरला. बाळकृष्णांनी हातातलं वर्तमानपत्र मिटलं.

“ऑर्डर देताना का नाही सांगितलंस?” विद्युलताबाईंनी विचारलं.

“तेव्हा मी कर्नाटक संगीत शिकत नव्हते. नंतर सांगायला आले होते, मार्चमध्ये.” तिने नव्या गिटारकडे पाहिलं. “तुम्ही फुलं बसवत होतात.”

विद्युलताबाईंनी नवी गिटार उचलून घेतली, टेबलावरच्या मऊ कापडावर आडवी ठेवली आणि तारा सैल करायला लागल्या.

बाळकृष्ण उठून जवळ आले. “अगं, या फुलांची जाडी किती आहे?”

“दीड मिलिमीटर.”

“आणि पट्टी कोरायची किती?”

“दोन.”

ते परत खुर्चीत जाऊन बसले.

“मामी, दांडी कमजोर होईल,” श्रीनिधी घाईने म्हणाली. “खरंच नको.”

“पट्टी सहा मिलिमीटरची आहे. दोन गेले तरी चार राहतात. दांडीला काही होत नाही.” विद्युलताबाईंचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. “धर हे टोक.”

तारा निघाल्या. त्यांनी पडद्यांवर चिकटपट्टी लावली आणि पांढऱ्या पेन्सिलीने एकेका घरावर खुणा करायला घेतल्या. पेन्सिल शिंपल्यावरून घसरायची, मग विद्युलताबाई फुलाच्या दोन्ही बाजूंनी आबनुसावर रेघ ओढायच्या. अकरा घरं झाली. बाराव्यात वेलीचा शेंडा होता, अर्धवट उमललेलं एकच फूल.

“तेवढं एक राहू दे,” बाळकृष्ण म्हणाले. “इतक्या वर कोण जातंय?”

विद्युलताबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी श्रीनिधीकडे पाहिलं.

“येतं का तुझं बोट इथवर?”

श्रीनिधीने फुलाकडे पाहिलं. मग बाळकृष्णांकडे. बाहेर लोकल येऊन थांबली, सुटली.

“येतं, मामी.”

“मग इथूनच सुरू करू,” विद्युलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी गोल कानस उचलली.