बोटीनंच जायचं

"मोटारीनं न्हाय जायचं. बोटीनंच," रामहरी म्हणाला आणि त्यानं पास ट्रंकेवर ठेवला.

रेल्वेचा फुकट पास मुंबईपर्यंतच होता. पुढं पणजीच्या बोटीचं तिकीट पदरचं. लोकोशेडमधल्या फिटरानं दिवाळीच्या सुट्टीत बायकापोरांना समुद्र दाखवायला न्यावं, हे सोलापुरातल्या त्यांच्या चाळीत आजवर घडलं नव्हतं. त्यातून रामहरी असा माणूस, की रजा वाया जाते म्हणून सासुरवाडीलासुद्धा जात नसे.

गोजरबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरं," ती म्हणाली.

दीड वर्ष ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. पीठ संपलं, बरं. धाकटा आप्पा पडला, बरं. तिचं कशात मन नव्हतं आणि आपलं मन कशात नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं.

पासावर यंदा तीनच मुलांची नावं होती. थोरल्या कस्तुराचं नाव कारकुनानं न विचारताच गाळलं होतं.

दीड वर्षापूर्वी भर दुपारी रामहरीनं एकेकाला न्हाणीत नेऊन डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं होतं. तापानं फणफणलेल्या आप्पालाही त्यानं सोडलं नाही. अंघोळी झाल्या, भिंतीवरचा फोटो उतरला. "रडायचं न्हाय. नावबी काढायचं न्हाय," असं बजावून तो दुसऱ्या पाळीला निघून गेला. शेजारच्या बायका आठवडाभर हळू आवाजात बोलल्या, मग नेहमीसारख्या नळावर भांडू लागल्या. गोजरबाईला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. फक्त ते नाव कुणीतरी एकदा मोठ्यानं घ्यावं, एवढंच तिला वाटे. स्वतः घ्यायची तिची छाती नव्हती.

बोटीची बातमी पोरांनी मात्र डोक्यावर घेतली.

"शिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोटा आसतोय का समुद्र?" चार वर्षांच्या आप्पानं विचारलं. "आनि बोटीला ब्रेक आसतोय का?"

सतरा वर्षांच्या बाळासोला बोटीचं इंजिन बघायचं होतं, आणि आईबरोबर फराळाचे डबे घेऊन चालायचं नव्हतं. अकरा वर्षांच्या विजयमालाला अर्ध्या तिकिटात बसायचं नव्हतं. तिच्या मते ती बारा वर्षांची दिसत होती.

"बोटीवर तुला कोन बगाय येनार हाय?" बाळासो म्हणाला. त्यावरून दोघांची जुंपली.

रामहरीनं कुणालाच गप्प केलं नाही, हे नवलच होतं. तो वहीच्या कागदावर बोटीची बंदरं उतरवत बसला होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी. कुठं किती वाजता, तेही. मग त्यानं चप्पल घातली.

"कुटं निगालाय?" गोजरबाईनं विचारलं.

"कार्ड टाकून येतो."

जन्मात कुणाला दोन ओळींचं पत्र न लिहिलेला हा माणूस कुणाला कार्ड टाकतोय, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. समुद्र दाखवून आपल्याला ताळ्यावर आणायचा त्याचा बेत असेल, असं तिला वाटलं. तिनं कडक भाकरी बांधल्या, शेंगांची चटणी बांधली, आणि शेजारच्या रत्नम्मानं उलटीवर म्हणून दिलेली लिंबंही बांधली.

मुंबईच्या धक्क्यावर बोटीत शिरताना रामहरीनं हमालालाही मागं टाकलं. खालच्या डेकवर डाव्या कठड्याला लागून त्यानं सतरंजी अंथरली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

"उजवीकडं गार वारं हाय की," बाळासो म्हणाला.

"हितंच बसायचं. जमीन ह्या अंगाला दिसती."

समुद्र लागला. विजयमालानं दोन लिंबं संपवली आणि बारा वर्षांची दिसायचं सोडून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आप्पाला ब्रेक सापडला नाही. गोजरबाई पाण्याकडं बघत राहिली. एवढं पाणी बघूनही तिच्या आत काही हललं नाही. तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

बंदर आलं, की बोट भर समुद्रात थांबे. किनाऱ्यावरून होड्या माणसं घेऊन येत आणि खलाशी त्यांना हाताला धरून वर ओढून घेत. दाभोळ गेलं. रामहरी उठला, बसला, पुन्हा उठला. दर अर्ध्या तासानं तो खलाशाला विचारी, "जयगड किती लांब?" खलाशी कंटाळून हसू लागला होता.

"जयगडला काय हाय?" गोजरबाईनं विचारलं. दीड वर्षात तिनं त्याला आपणहून फारसं काही विचारलं नव्हतं.

रामहरीनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"पोरांस्नी धर," एवढंच बोलून तो होड्या लागतात त्या दाराशी जाऊन उभा राहिला.

ऊन उतरताना बोट थांबली. किनाऱ्याकडून एक होडी हेलकावे खात आली. तीत नारळाची पोती, दोन म्हाताऱ्या, ट्रंक धरून बसलेला एक तरुण, आणि त्याला टेकून एक बाई. डोक्यावर पदर, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं पोर. एवढ्या लाटांत एवढंसं पोर घेऊन ही कुठं निघाली, असं गोजरबाईच्या मनात आलं. होडी बोटीला लागली. ती बाई उठू लागली तशी होडी कलली आणि म्हाताऱ्या ओरडल्या.

रामहरी खलाशाला बाजूला सारून दारातून कमरेपर्यंत बाहेर वाकला. त्यानं दोन्ही हात खाली केले आणि सगळ्या डेकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो ओरडला,

"कस्तुरे, जपून! आदी बाळाला दे माझ्याकडं!"