एकतिसावी मुलाखत

पुस्तकात सत्तेचाळीस मुलाखती होत्या आणि सत्तेचाळीस बदललेली नावं. एका गावातल्या दंगलीवरच्या त्या पुस्तकानंच रोहिणीबाईंना शांतता-अभ्यासाच्या प्राध्यापक म्हणून ओळख मिळवून दिली. निवृत्त झाल्यावर त्या एकतिसाव्या मुलाखतीतल्या माणसाला प्रत द्यायला गेल्या, तर त्यानं गाव सोडल्याचं कळलं. तालुक्याच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान सापडलं.

त्यानं पुस्तक उघडलंही नाही.

"वाचलंय, बाई. गावानंही वाचलं. पहिला दगड कुणाच्या गच्चीवरून आला ते शिंप्यानं सांगितलं, असं लिहिलंत ना?"

"पण नाव बदललं होतं मी..."

"हो की! झकास ठेवलं होतंत," तो हसला. "पण गावात शिंपी मी एकटाच."

बाईंना तसंच निघून जाववेना. ब्लाउज शिवायचाय, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या. त्यानं गळ्यातली टेप काढली आणि मापांची वही पुढे सरकवली.

"नाव लिहा, गाव लिहा. खरं नाव हं!"

बाईंनी लिहिलं. मग आयुष्यभराच्या सवयीनं आधीच्या नोंदी मोजल्या. गिऱ्हाइकं दोनशे चौसष्ट होती. त्या गावचं एकही नव्हतं.