पुलाच्या अलीकडे

हायकोर्टात निकाल ऐकताना सर्जेरावच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. वाळूउपशाविरुद्ध बोलला म्हणून प्रांतांनी त्याला जिल्ह्यातून तडीपार केलं होतं. न्यायाधीश म्हणाले, “बाजू न ऐकता माणसाला जिल्ह्याबाहेर काढायचा अधिकार प्रांतांना नाही. आदेश रद्द.”

“सुटलात! जा आता घरी,” वकीलबाई म्हणाल्या.

संध्याकाळी तो नदीवरच्या पुलाशी आला. पलीकडे त्याचा जिल्हा, त्याचं गाव. मागच्या महिन्यात आई गेली, तेव्हा पोलिसांनी त्याला इथंच अडवलं होतं. चितेचा धूर त्यानं अलीकडच्या काठावरून पाहिला होता.

थोरली बहीण न्यायला आली होती. “चल की, सर्जा. आता कोण अडवतंय तुला?”

“कुणीच नाही, अक्का,” तो म्हणाला, पण पाऊल उचलेना. तो कठड्यावर बसला. अक्काही शेजारी टेकली.