हलकं सामान

ईट गाव माझं माहेर. तिथून सायकलवर कोकणकिनारा गाठायचा होता, म्हणून टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापून सामान हलकं केलं. गाड्यांची वर्दळ नको म्हणून खेड्यांमधला रस्ता धरला. दर गावात कुणी ना कुणी मावशी पाणी पाजायची आणि “मोकळ्या ओटीनं लेकीला लावून देत न्हाईत” म्हणत ओटी भरायची. रडतखडत घाटमाथा गाठला, तेव्हा पिशवीत नऊ नारळ होते.

समुद्राकाठी मुक्कामाच्या घरच्या काकू हसतच सुटल्या. “कोकणात कुणी नारळ आणतं का गो?” मी नऊच्या नऊ त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवून मोकळी झाले.

सकाळी निघाले, तर काकूंनी पाट मांडलेला.

“सवाशीण तू, ओटी न भरता कशी धाडू? आणि आमचे नारळ मोठे असतात.”