वाटणी

गझनीतली मुलींची शाळा जिल्ह्याचा नवा कारभारी मौलवी गौसुद्दीनने बंद केली, तेव्हा गणिताच्या शकीबाबाई मुलींच्या मदरशात लागल्या. तिथे फक्त धर्माचं शिकवायला परवानगी होती. वारशाची वाटणीही धर्मातच येते, म्हणून बाईंनी तीच शिकवायला घेतली. एके दिवशी मौलवी तपासणीला आला.

"आईबाप गेले. मागे तीन मुलगे, दोन मुली. जमीन कशी वाटशील?" त्याने पडद्याआड बसलेल्या मुझ्दा नावाच्या विद्यार्थिनीला विचारलं.

"आठ वाटे करायचे. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक," मुझ्दा लगेच म्हणाली.

मौलवीने बोटांवर हिशेब पडताळून पाहिला. "आमच्या कचेरीत अशा भांडणांचा ढीग पडलाय, आणि एकालाही धड वाटणी जमत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या मुलींच्या मदरशांत हे शिकवा."

"त्याला आधी अपूर्णांक लागतात, मौलवीसाहेब," शकीबाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "जमीन मोजायची तर भूमिती लागते. पोरींना बारावीपर्यंत तरी बसवावं लागेल."

मौलवीने दाढीवरून हात फिरवला.



"लागेल ते सगळं शिकवा, बाई. फक्त त्याला शाळा म्हणू नका."