उजवी पाकळी

श्यामसुंदर जोगळेकर बदलीवर चंदीगडला आले, तेव्हा रत्नागिरीचा कौलही सोबत आला. घरातल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावून झाल्या की ते गाऱ्हाणं घालत. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीला, ओजस्विनीला, जर्मनीत संशोधनाची जागा मिळाली तेव्हा डावी पडली. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या कॅप्टन रुपेशने मागणी घातली, तेव्हाही डावीच. देवापुढे बोलायची घरात सोय नव्हती. चाळिशी ओलांडलेली ओजस्विनी आता सेक्टर चौतीसच्या एका क्लासमध्ये मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती आणि मनात एक संशय सांभाळून होती.

बाबांचे दिवस झाल्यावर देव्हारा पुसताना तिला मूर्तीमागे डिंकाची लहानशी बाटली सापडली.

"आई, देवाला डिंक कशाला लागतो गं?" तिने शांतपणे विचारलं. "उजवी पाकळी बाबा चिकटवून ठेवायचे ना?"

शशिकलाबाईंनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"गेलेल्या माणसावर असलं काही घालू नकोस. देवाशी लबाडी त्यांना सात जन्मांत जमली नसती. तुला जर्मनीला जायला मिळावं म्हणून त्यांनी नवस केला होता."

"मग डिंक लावला कोणी?"



"तू गेली असतीस, तर या परक्या गावात, त्यांच्या त्या सोवळ्याओवळ्यात मी एकटीच उरले असते गं."