डोळे मिटून मतदान

दुसरीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास होता. बाई म्हणाल्या, "आज मॉनिटर तुम्ही निवडायचा. बाकावर डोकं टेका, डोळे मिटा आणि मी नाव घेतलं की हात वर करा. कुणाचं मत कुणाला, हे कुणालाच कळता कामा नये."

पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलीच्या नावाला चारदोन हात वर आले. मग रोज वर्ग डोक्यावर घेणाऱ्या भोंग्याचं नाव घेतलं, तर हातांचं रानच उगवलं आणि कोपरांआडून बरेच डोळेही किलकिले झाले. बाईंनी मनात हिशेब मांडला. हा मॉनिटर झाला तर वर्गाचा बाजार होणार आणि मोठ्या बाईंची बोलणी आपल्याला बसणार! हातातला खडू मोडला.

"उघडा डोळे. शहाणी निवडून आली!"

एकही टाळी वाजली नाही. शहाणीसुद्धा मागे वळून भोंग्याकडेच बघत राहिली.

"अरे, टाळ्या वाजवा की!"

टाळ्या वाजल्या. बाईंनी घाईघाईने फळा पुसला. "हं, तर आज काय शिकलो आपण? सांगा पाहू, मॉनिटर कुणी निवडला?"

अख्खा वर्ग पाढे म्हणतात त्या सुरात ओरडला, "तुम्ही, बाई!"